मदत अजून बोटीतच होती : कोलफॅक्स, १३ एप्रिल १८७३

अमेरिकेतलं यादवी युद्ध एप्रिल १८६५ मध्ये संपलं, असं आपण शाळेत वाचलेलं असतं. ते कागदावर संपलं. सुमारे चाळीस लाख गुलाम मोकळे झाले आणि पुढच्या पाच वर्षांत राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं, पंधराव्या दुरुस्तीने मतदानात वर्णाचा अडसर काढला. या सगळ्या खटाटोपाला तिकडे पुनर्रचना म्हणतात. तिचा कणा कुठे मोडला, याची उत्तरं बहुतेक लोक वॉशिंग्टनमध्ये शोधतात. मी ते लुइझियानातल्या रेड रिव्हरच्या काठावर, एका जुन्या तबेल्यापाशी शोधतो.

तो तबेला म्हणजे कोलफॅक्सचं कोर्ट. मेरेडिथ कॅल्हून नावाच्या बड्या मळेवाल्याची ही जमीन. त्याचा मुलगा विली रिपब्लिकन झाला, काळ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि १८६९ मध्ये तिथे नवा जिल्हा झाला. लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. या पॅरिशला नाव दिलं राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचं, गावाला उपराष्ट्राध्यक्ष कोलफॅक्स यांचं. नावं एवढी भारदस्त, पण कचेरीला इमारत नव्हती, म्हणून कॅल्हूनच्या मळ्यातला विटांचा तबेला साफसूफ करून तिथे न्यायदान सुरू झालं. छप्पर लाकडी फळ्यांचंच राहिलं. हे छप्पर लक्षात ठेवा.

नोव्हेंबर १८७२ ते जानेवारी १८७३

राज्याची निवडणूक झाली आणि दोन गव्हर्नर निघाले. रिपब्लिकन पक्षाचे विल्यम पिट केलॉग आणि विरोधी आघाडीचे जॉन मॅकेनरी, दोघांनीही विजयाचा दावा केला, दोघांनीही शपथा घेतल्या. केंद्राने अखेर केलॉग यांना मान्यता दिली, पण तोवर गावोगावी दोन-दोन कारभारी तयार झाले होते. ग्रँट पॅरिशमध्ये एकीकडे शेरीफ म्हणून ख्रिस्तोफर कोलंबस नॅश आणि न्यायाधीश म्हणून अल्फोन्स कझाबा, तर दुसरीकडे रिपब्लिकन शेरीफ डॅनियल शॉ आणि रजिस्टर आडनावाचे न्यायाधीश. नॅश हा दक्षिणेच्या फौजेतला माजी सैनिक, उत्तरेच्या कैदेत राहून आलेला. केलॉग यांनीही घोळ घालण्यात कसूर केली नाही. आधी नॅश-कझाबांची नेमणूक केली, मग मार्चमध्ये ती फिरवली. गव्हर्नराच्या टेबलावर हा फक्त सही बदलण्याचा मामला होता. कोलफॅक्समध्ये त्याची किंमत माणसांनी मोजली.

२५ मार्च, रात्र

नव्या नेमणुकीचे कागद हातात आल्यावर रिपब्लिकन अधिकारी खिडकीतून कोर्टात शिरले आणि त्यांनी कारभार ताब्यात घेतला. या गटाचा खरा कणखर माणूस विल्यम वॉर्ड. हा काळा माणूस उत्तरेच्या घोडदळात लढला होता, नंतर राज्याच्या मिलिशियात कॅप्टन झाला आणि आता विधिमंडळात निवडून आला होता. आठ वर्षांपूर्वी ज्याला कायद्याने मालमत्ता मानलं असतं, तो आता आमदार. भोवतालच्या गोऱ्या मळेवाल्यांना खटकत होतं ते नेमकं हेच. कोर्ट कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न तसा दुय्यम होता.

१ एप्रिल

गोऱ्यांची टोळी कोर्ट परत घ्यायला येणार, अशी आवई उठली. वॉर्डने आपली माणसं जमवली. आली ती गोरी माणसं थोडी होती, परत गेली. पण आता दोन्हीकडे पहारे बसले. काळ्या पहारेकऱ्यांपैकी काहींनी याच दिवसांत गावातल्या रटलंड या गोऱ्या वकिलाचं घर लुटलं आणि त्याच्या मेलेल्या अपत्याची शवपेटी बाहेर टाकली. हे कृत्य झाकण्यात अर्थ नाही. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी पुढचे दहा दिवस त्याच शवपेटीवर मजकूर रचला आणि जे घडलं नव्हतं तेही छापलं.

५ एप्रिल

दोन्ही बाजूंचे पुढारी समेटाचं बोलत होते. त्याच दिवशी गावापासून काही मैलांवर जेसी मॅककिनी नावाचा काळा शेतकरी आपल्या शेताचं कुंपण घालत असताना घोड्यांवरून आलेल्या गोऱ्यांनी त्याच्या डोक्यात गोळी घातली. तो कोणाच्या पहाऱ्यावर नव्हता. बातमी आली आणि बोलणी तिथेच मोडली.

कोलफॅक्सच्या कहाणीतलं वळण कोणतं, असं विचारलं तर मी हे कुंपण दाखवीन. तोवर ज्यांनी बंदूक हातात घेतली होती तेच धोक्यात होते. मॅककिनीनंतर घरात बसलेलाही धोक्यात आला. आजूबाजूच्या वस्त्यांतून बायका-पोरं, म्हातारी माणसं, अंथरुणं-भांडी घेऊन कोर्टाभोवती येऊन राहू लागली. सरकारची इमारत आहे, सरकार आपलं आहे, तिथे कोणी हात लावणार नाही, हा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, सरकार मात्र लांब होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

वॉर्ड बोटीने न्यू ऑर्लिन्सला निघाला. गव्हर्नरांना प्रत्यक्ष भेटून फौज मागायची होती. नदीने हा प्रवास काही दिवसांचा. लेवी ॲलन नावाच्या काळ्या माजी सैनिकाकडे सूत्रं आली. गावात गोरे रिपब्लिकन जवळजवळ उरले नव्हते. एकेक करून सगळे पांगले होते, आणि हेही नोंदवायला हवं.

कोर्टाभोवती कमरेच्याही खाली येईल असा उथळ खंदक खणला होता. सुमारे दीडशे माणसं, त्यांतल्या जेमतेम निम्म्यांकडे बंदुका, त्याही बऱ्याचशा शिकारीच्या, काडतुसं मोजकी. वाफेच्या जुन्या नळ्या कापून घरगुती तोफा बनवण्याचा प्रयत्न झाला होता. चालल्या नाहीत.

न्यू ऑर्लिन्समध्ये केलॉग यांनी दोन अधिकाऱ्यांना अटकेची वॉरंटं देऊन कोलफॅक्सकडे रवाना केलं. फौज मात्र दिली नाही.

१३ एप्रिल, ईस्टरचा रविवार. सकाळ

पुढचे तास साक्षीदारांनी कोर्टात सांगितले तसे देतो. त्यांच्यापैकी कोणाकडे खिशात घड्याळ असेल असं धरू नका. सूर्य कुठे होता यावरूनच त्यांनी वेळ सांगितली.

नॅशची माणसं घोड्यांवर निघाली. आकडा दीडशेपासून तीनशेपर्यंत सांगितला जातो. शेजारच्या अनेक पॅरिशमधून आलेले, बहुतेक दक्षिणेच्या फौजेत लढून हरलेले. सोबत बोटीवरून मिळवलेली एक छोटी तोफ, गाडीच्या चाकांवर चढवलेली. जेम्स हॅडनॉट हा त्यांच्यातला दुसरा पुढारी, गोऱ्यांच्या गुप्त संघटनांमधला जुना माणूस.

दुपारी बाराच्या सुमारास

नॅश पांढरं निशाण घेऊन पुढे आला. काळ्या वस्तीजवळ लेवी ॲलन त्याला भेटला. नॅशचं म्हणणं, हत्यारं टाका आणि निघून जा. ॲलनने नकार दिला. हत्यारं टाकल्यावर काय होतं ते मॅककिनीच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याच्या हातात तर हत्यारही नव्हतं. मग नॅशने बायका-पोरांना बाहेर काढायला अर्धा तास दिला.

साडेबारा

बायका, मुलं, म्हातारी माणसं नदीकाठाने आणि रानाकडे निघाली. काही पुरुषही त्यांच्याबरोबर गेले. त्यांना भित्रे म्हणण्याआधी, गेलेले पुरुष बहुतेक वाचले हे लक्षात घ्यावं.

याच वेळी केलॉग यांचे दोन अधिकारी वाटेत होते, आणि वॉर्ड अजून गव्हर्नरांपर्यंत पोचला नव्हता.

साडेबारा ते अडीच

दोन तास गोळीबार झाला तरी फार कोणी पडलं नाही. अंतर जास्त होतं, खंदक उथळ असला तरी उपयोगी पडत होता. या दोन तासांबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत फार लिहिलेलं नसतं, पण ते महत्त्वाचे आहेत. काळ्या बचावकर्त्यांना लढता येत नव्हतं, ते घाबरून मेंढरासारखे मारले गेले, ही पुढची कित्येक वर्षं गोऱ्यांच्या बैठकीत चघळली गेलेली गोष्ट खोटी आहे. समोरासमोर त्यांनी अनुभवी शिपायांना दोन तास थोपवलं.

मग गोऱ्यांना नदीच्या बांधातली एक फट सापडली. तिथून तोफ खंदकाच्या बगलेला आली. पहिल्या माऱ्यातच फळी फुटली. काही जण नदीकडे धावले, काही रानाकडे. घोडेस्वारांनी त्यांना पाठलाग करून टिपलं. साठ-पासष्ट जण मागे फिरून कोर्टाच्या इमारतीत शिरले.

तीनच्या सुमारास

भिंती विटांच्या. आत गोळी जात नव्हती. गोऱ्यांनी पकडलेल्या पिंकनी चेंबर्स नावाच्या काळ्या माणसाला बंदुकीच्या धाकाने पुढे केलं. त्याच्या हातात लांब बांबू, टोकाला घासलेटात भिजवून पेटवलेला कापूस. आतल्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडायच्या की नाहीत? त्यांच्यातलाच तो. त्याने छपराला आग लावली. वाळलेल्या लाकडी फळ्या धडधडून पेटल्या.

आतून पांढरं निशाण निघालं. एकाकडे शर्टाची बाही, दुसऱ्याकडे पुस्तकातलं फाडलेलं पान. हॅडनॉट आणि हॅरिस नावाचा दुसरा गोरा दाराकडे गेले आणि गोळ्या लागून कोसळले. गोऱ्यांनी शपथेवर सांगितलं की आतल्यांनी दगा दिला. वाचलेल्या काळ्यांनी सांगितलं की चहूकडून चाललेल्या गोळीबारात त्या दोघांना गोऱ्यांचीच गोळी लागली. मला दुसरी गोष्ट जास्त पटते. जळत्या छपराखालून जीव वाचवायला निघालेला माणूस दारात उभा राहून नेम धरेल, हे तर्काला धरून नाही.

तिथून पुढे लढाई नव्हती. दारातून बाहेर येणाऱ्याला मारलं, बाहेर येऊन हात वर केलेल्यालाही मारलं. तीन गोरे मेले. काळे किती मेले याचा आकडा कधीच एक झाला नाही. ६२ ते १५३ असे अंदाज दिले जातात. १८७५ मध्ये काँग्रेसपुढे आलेल्या लष्करी अहवालात ८१ नावं निश्चित केली होती आणि नदीत फेकलेले, गुपचूप पुरलेले धरून किमान १०५ म्हटलं होतं.

संध्याकाळ

सुमारे चाळीस कैदी जिवंत होते. त्यांना एका जागी बसवून पहारा ठेवला. नॅशच्या माणसांपैकी वयस्क मंडळी घरी परतू लागली. तरुण मागे राहिले, दारू आली.

रात्री आठच्या सुमारास

साउथवेस्टर्न नावाची प्रवासी बोट कोलफॅक्सच्या धक्क्याला लागली. जखमी गोऱ्यांना चढवायचं होतं. उतारूंपैकी काही जण किनाऱ्यावर उतरले. कोणीतरी त्यांना प्रेतं बघायला येता का म्हणून विचारलं आणि ते कंदिलाच्या उजेडात प्रेतांमधून फिरले. त्यांनी नंतर न्यू ऑर्लिन्सच्या वर्तमानपत्रांना जे सांगितलं त्यातूनच जगाला कोलफॅक्सची पहिली खरी बातमी मिळाली. कैदी तेव्हा जिवंत होते आणि जाग्यावरच होते. बोट सुटली.

रात्री नऊनंतर

कैद्यांना दोन-दोनच्या जोड्यांनी बाहेर काढलं. प्रत्येकामागे एक बंदूकवाला. लेवी नेल्सन हा शेतमजूर त्यांच्यात होता. त्याने नंतर सांगितलं की बिल क्रुकशँक या माणसाने एकाच गोळीत दोघे गारद व्हावेत म्हणून दोघांना एकामागे एक उभं केलं. पुढच्या माणसाचा जीव गेला. नेल्सन पडून राहिला आणि अंधारात सरपटत निघून गेला. बेंजामिन ब्रिम हा वयस्क माणूस. त्याला मागून गोळी घातली, ती चेहऱ्यातून बाहेर आली. तो मेल्याचं सोंग करून पडून राहिला. दोघेही वाचले आणि दोघांनी पुढे शपथेवर साक्ष दिली. ही साक्ष देण्यासाठी त्यांना न्यू ऑर्लिन्सला जावं लागलं आणि नंतर त्याच पॅरिशमध्ये राहायचं होतं. या पूर्ण प्रकरणात शौर्य कुठे असेल तर ते मला या साक्षीत दिसतं.

पुढचे दिवस

केलॉग यांचे अधिकारी आले तेव्हा तबेल्याच्या विटा अजून धुमसत होत्या आणि प्रेतं पडलेली होती. त्यांनी वॉरंटं खिशातच ठेवली आणि प्रेतं पुरायला मदत केली. केंद्राची फौज त्यानंतर काही दिवसांनी आली. दोन तुकड्या.

जून १८७३, पुणे

त्याच वर्षी जूनमध्ये जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक पुण्यात आलं. काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी अमेरिकेतल्या भल्या लोकांनी जो त्याग केला, त्याचं कौतुक म्हणून जोतीरावांनी ते त्यांना अर्पण केलं होतं. कोलफॅक्सच्या मातीत प्रेतं पुरून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. यात जोतीरावांचा भाबडेपणा शोधणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यांनी वंदन केलं ते गुलामी तोडणाऱ्यांना, आणि ते वंदन योग्यच होतं. तोडलेली गुलामी पुन्हा जोडू पाहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती त्या वंदनाने खोटी ठरत नाही.

१८७४, न्यू ऑर्लिन्स

केंद्राचे सरकारी वकील जेम्स बेकविथ यांनी ९७ जणांवर आरोप ठेवले. हातात आले नऊ. खून हा गुन्हा राज्याच्या अखत्यारीतला, आणि ग्रँट पॅरिशमध्ये तो खटला कोण चालवणार? म्हणून बेकविथ यांनी १८७० च्या केंद्रीय कायद्याचा आधार घेतला. घटनेने दिलेले हक्क हिरावण्यासाठी कट केला, असा आरोप. कटाचे बळी म्हणून आरोपपत्रात दोन नावं घातली : वाचलेला लेवी नेल्सन आणि मारला गेलेला अलेक्झांडर टिलमन. शंभराच्या वर माणसं मेली आणि कोर्टापुढे दोन नावं. कायद्याच्या कारागिरीत असं करावं लागतं, हे मान्य करूनही मन कच खातं.

पहिल्या खटल्यात एक सुटला, बाकीच्यांबाबत ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्यात तिघे कटासाठी दोषी ठरले : विल्यम ऊर्फ बिल क्रुकशँक, जॉन हॅडनॉट आणि विल्यम अर्विन. खुनासाठी कोणीही नाही. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली यांनी या निकालाला हरकत घेतली आणि प्रकरण वॉशिंग्टनला गेलं. निकाल लागेपर्यंत दक्षिणेतल्या गोऱ्यांना संदेश पोचला होता. त्याच वर्षी लुइझियानात व्हाइट लीग ही सशस्त्र संघटना उभी राहिली. ऑगस्टमध्ये कोशाटा इथे रिपब्लिकन अधिकाऱ्यांचे खून झाले, सप्टेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर लढाई करून केलॉग यांचं सरकार काही दिवस उलथवलं गेलं. तोंडं झाकायची गरजही आता उरली नव्हती.

२७ मार्च १८७६, वॉशिंग्टन

मुख्य न्यायमूर्ती मॉरिसन वेट यांनी निकाल वाचला. घटनेची चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, एका नागरिकाने दुसऱ्यावर केलेल्या जुलमाला ती लागू होत नाही. शांततेने जमण्याचा, शस्त्र बाळगण्याचा हक्क केंद्राने मोडला तरच केंद्राच्या घटनेचा प्रश्न येतो. शिवाय मारणाऱ्यांनी वर्णामुळे मारलं असं आरोपपत्रात स्पष्ट लिहिलेलं नाही. तिघेही सुटले.

भाषा साफसुथरी आहे, तर्क सुटसुटीत आहे, आणि तो वाचताना जळतं छप्पर कुठेही दिसत नाही. राज्य सरकारने मारलं नाही, मग केंद्राने का पडावं? आणि मारणाऱ्यांविरुद्ध राज्य सरकार हलत नसेल तर? त्याचं उत्तर निकालात एवढंच की नागरिकाने आपल्या राज्याकडे जावं. कोलफॅक्सची माणसं राज्याच्या कोर्टातच तर बसली होती. आपल्या घटनेचं १७ वं कलम वाचलं की फरक कळतो. अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळणं हाच गुन्हा, मग पाळणारा सरकार असो की गावचा पाटील.

माझ्या मते पुनर्रचना १८७७ च्या राजकीय तडजोडीत मेली नाही, तेव्हा फक्त फौजा मागे घेतल्या गेल्या. या निकालाने तिला मारायचा परवाना आधीच देऊन ठेवला होता. मतदानाचा हक्क पुन्हा खऱ्या अर्थाने राबवणारा केंद्रीय कायदा यायला १९६५ उजाडावं लागलं.

त्यानंतर

१९२१ मध्ये कोलफॅक्सच्या स्मशानभूमीत मेलेल्या तीन गोऱ्यांसाठी दगडी स्तंभ उभा राहिला, त्यावर ते गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले असं अभिमानाने कोरलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर राज्य सरकारने गावात फलक लावला. त्यात या कत्तलीला दंगल म्हटलं होतं आणि तिने दक्षिणेतला गैरकारभार संपवला असं श्रेय दिलं होतं. तो फलक २०२१ मध्ये निघाला. मारल्या गेलेल्या काळ्यांची नावं असलेलं स्मारक १३ एप्रिल २०२३ ला, बरोबर दीडशे वर्षांनी झालं.

ख्रिस्तोफर कोलंबस नॅश अटक चुकवून निसटला होता. तो १९२२ मध्ये, स्तंभ उभा राहिल्यानंतर वर्षभराने, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी वारला. त्याच्यावर खटला कधीच चालला नाही.